नदी घरी नाही

माझ्या नवऱ्याने एका काल्पनिक देशाची कादंबरी लिहिली होती. त्या देशाला नकाशा होता, सणवार होते, शिव्यासुद्धा होत्या. जेवताना मुलाने सारखं पाणी मागितलं की तिथल्या बायका म्हणत, ‘नदी घरी नाही.’ असं का म्हणतात, याचा खुलासा कादंबरीत कुठेही नाही. ती गोष्ट तिथे सगळ्यांना ठाऊकच असते, मग कोण कुणाला सांगणार?

तो गेल्यावर संपादकांनी त्या देशातल्या परीकथांचा वेगळा संग्रह काढायचं ठरवलं. तिथली माणसं मुलांना ज्या गोष्टी सांगतात, त्यांचा. बऱ्याचशा त्याच्या संगणकावर तयार सापडल्या. नदीची मात्र नव्हती, आणि वाचक नेमकी तीच मागत होते. त्याने लिहिलेलं प्रत्येक पान आधी माझ्याकडे यायचं. म्हणून ती गोष्ट त्याने रचलेलीच नाही, असं मी संपादकांना ठामपणे सांगून टाकलं.

त्यानंतर काही दिवसांनी एका बाईंचा फोन आला. कल्याणच्या डायलिसिस सेंटरमध्ये त्या त्याच्या शेजारच्या खुर्चीवर असायच्या. टिटवाळ्याला त्यांचं ब्यूटी पार्लर आहे.

“ताई, सरांचं गोष्टींचं पुस्तक येतंय म्हणे. आमची नदीची टाकलीय ना त्यात?”

आमची.

त्या सेंटरमध्ये नातेवाइकांना आत सोडत नसत. मी बाहेरच्या बाकावर पुस्तक घेऊन बसायची. दारातल्या काचेतून त्याचे पाय दिसायचे. एकदा आतून त्याचं हसणं ऐकू आलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं. डोंबिवलीला घरी परतेपर्यंत तो इतका थकलेला असायचा की न बोलता झोपून जायचा. उरलेला तो माझ्या वाट्याला यायचा, आणि मी त्यालाच आजार समजत होते.

मी टिटवाळ्याला गेले. पार्लर सोमवारी बंद असतं. त्यांनी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मला बसवलं आणि चहा दिला. समोरच्या मोठ्या आरशात आम्ही दोघी दिसत होतो. त्यांनी छान गजरा माळला होता. मला तोही खुपला.

“अर्धा वेळ मी झोपायचेच हो,” त्या म्हणाल्या. “मग सर ओरडायचे, अहो, नदी कुठे गेली होती सांगा बघू! शाळेसारखं.”

घरी त्याने कधी आवाज चढवला नव्हता.

गोष्ट अशी होती. गावाच्या बोलण्याला वैतागून नदी रुसून माहेरी गेली, म्हणजे डोंगराकडे. कोरड्या पात्रात होडी पडून राहिली. शेवटी नावाडी होडी डोक्यावर घेऊन डोंगराच्या दाराशी गेला. डोंगर उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, नदी घरी नाही.

“पुढे?” मी विचारलं.

“पुढचं सरांनी नाही सांगितलं. पुढचं मी सांगितलं.”

मला कळलं. त्या देशाची रीतच तशी आहे. ज्याने गोष्ट सुरू केली त्याने ती संपवायची नाही. शेवट ऐकणाऱ्याने करायचा. संग्रहात प्रत्येक गोष्टीवर म्हणूनच दोन नावं होती, सगळी त्याने कल्पिलेली. मला तो कायम पूर्ण झालेलं लिखाण वाचायला द्यायचा. माझ्याकडे शेवट त्याने कधी मागितला नाही.

त्यांचा शेवट ऐकण्याआधीच मी म्हणाले, “नावाडी तिची माफी मागतो आणि ती परत येते.”

त्या खळखळून हसल्या. “सॉरी म्हटलं की आली? कोण येतं हो असं! ताई, तुम्ही कधी रुसून माहेरी गेलाच नाहीत वाटतं?”

गेले नव्हते. रुसले की मी वाचत बसायचे.

“मग तुमचं काय?”

“माझा नावाडी काही बोलतच नाही. दारातच बसतो आणि होडी ठोकायला घेतो. ठाक ठाक, ठाक ठाक. डोंगर वैतागतो. आणि आतून नदी ओरडते, अरे, खिळा तिरका जातोय!”

आरशात मला माझा चेहरा दिसला. मी हसत होते, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

“सर खूप हसले होते,” त्या म्हणाल्या. “नर्स बघायला आली, काय झालं म्हणून.”

म्हणजे ते हसणं. मी कप खाली ठेवला. दोन नावं छापावी लागतील, असं त्यांना सांगितलं.

“माझं? पुस्तकात?” त्यांनी पदर सावरला, जणू कुणी फोटोच काढणार होतं. “मग पार्लरचं पण टाका की.”

स्टेशनकडे चालताना मी आणखी शेवट करून पाहिले. एकात नदी म्हातारी होऊन येते. एकात नावाडीच डोंगराकडे राहतो. भाषा त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगली होती. पण एकाही शेवटाला तो हसला नसता. त्याचं हसणं मी ओळखते. तेवढं तरी त्यांच्याआधीपासून माझं आहे.

दुसऱ्या दिवशी संपादकांना फोन केला. गोष्ट मिळाली म्हटल्यावर ते आनंदले. “शेवटासाठी तुमचंच नाव घालू या ना?” ते म्हणाले. “वाचकांनाही ते भावेल.”

हो म्हणावंसं वाटलं. त्या बाई काही तक्रार करणाऱ्यातल्या नव्हत्या.

मग मी त्यांचं नाव सांगितलं. पण इतक्या हळू, की संपादकांना ते पुन्हा विचारावं लागलं.