आधी इको ऐकवा

आमच्या विहारातल्या महिला मंडळाचा ॲम्प्लिफायर जळाला ते साल दोन हजार सात असेल किंवा आठ. मी तेव्हा उल्हासनगरला जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात बिलं टाईप करत होते. आई आणि मी अंबरनाथला राहायचो. आई मंडळाची मुख्य गायिका. बारा बायका, एक पेटी, एक ढोलकी आणि तो ॲम्प्लिफायर, एवढ्यावर त्यांनी बदलापूरपासून कल्याणपर्यंत कार्यक्रम केले होते.

जळालेला ॲम्प्लिफायर मी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या एका सिंधी अंकलकडे नेला. त्यांचं रिपेअरिंगचं दुकान इतकं अरुंद होतं की गिऱ्हाइकाला रस्त्यावर उभं राहूनच बोलावं लागायचं. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि लगेच बंद केलं. म्हणाले, यात आता पैसे घालू नकोस. नवीन घेणं मंडळाला झेपणारं नव्हतं. मग त्यांनीच सुचवलं की चांगल्यातला जुना मिक्सर ॲम्प्लिफायर बघ, इको असलेला. फक्त घेण्याआधी मला दाखव.

इको म्हणजे गाणाऱ्याचा आवाज जरासा मागे रेंगाळतो, मोकळ्या हॉलमध्ये गायल्यासारखा. आमच्याकडच्या गायन पार्ट्यांना तो लागतोच. आई तर म्हणायची, इको नसला की मला भाजी विकल्यासारखं वाटतं.

त्या काळात नेटवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती नुकत्याच दिसायला लागल्या होत्या. ऑफिस सुटलं की मी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत अर्धा तास बसायचे. मंडळात कॉम्प्युटर येणारी मी एकटीच, त्यामुळे सगळ्या बायका माझ्याकडे मोठ्या भरवशानं बघायच्या. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

पंधरा दिवसांनी मला हवं तसं मशीन सापडलं. परदेशी बनावटीचं, आठ माइक लावता येतील असे आठ चॅनेल, इको, आणि किंमत इतकी कमी की मी दोनदा वाचली. फोटोत ते एका पांढऱ्या भिंतीला लागून ठेवलेलं, धुळीचा कण नाही. मी मेल टाकला. दुसऱ्याच दिवशी विकणाऱ्याचा फोन आला. दूरच्या एका शहराचं नाव सांगितलं, हिंदी गोड होती. त्याचा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ होता, तो बंद करून तो परदेशी चालला होता. मंडळाचं काम आहे म्हटल्यावर त्यानं आणखी थोडी किंमत उतरवली. मात्र अजून चार जण मागे लागलेत म्हणाला. निम्मी रक्कम आज दुपारपर्यंत खात्यात भरली तर तुमच्यासाठी ठेवतो, माल ट्रान्सपोर्टनं येईल, उरलेले पैसे माल हातात आल्यावर द्या.

मी हाफ डे टाकला. बँकेत जाऊन पैसे भरायची स्लिप घेतली, त्यानं सांगितलेला खाते नंबर त्यावर नीट लिहिला आणि घरी आले. वर्गणीचे पैसे आईकडे होते. अंकलना दाखवायचं माझ्या लक्षात होतं, पण वेळ नव्हता. खरं सांगायचं तर मला ते दाखवायचंही नव्हतं. हे एवढं तरी मी एकटीनं केलं असं व्हायला हवं होतं.

आईनं फोटोची प्रिंट हातात घेऊन बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, त्याला फोन लाव.

"कशाला? सगळं बोलून झालंय."

"लाव तर. मला ऐकायचंय."

मी लावला. आईनं फोन कानाला धरला, मी तिच्या डोक्याला डोकं टेकवून ऐकत राहिले. आईची हिंदी तिची स्वतःची होती.

"भाईसाब, एक काम करो. मशीन चालू करो और माइक में खाली हॅलो बोलो. मेरे को उसका इको सुनने का है."

मग तो म्हणाला, आत्ता लाईट गेलीय. आई म्हणाली, ठीक आहे, आल्यावर मिस्ड कॉल द्या, आम्ही लावतो. तासभर थांबलो. मिस्ड कॉल नाही. मीच फोन केला, तर तो म्हणाला मशीन पॅक करून ठेवलंय, आता उघडता येणार नाही. आईनं माझ्या हातातून फोन घेतला.

"अभी तो लाईट नहीं थी बोले. अंधेरे में पॅक किया क्या?"

यावर त्याचा आवाज बदलला. घ्यायचं तर घ्या, माझा वेळ खाऊ नका, असं काहीतरी बोलला आणि फोन ठेवला. त्यानंतर तो नंबर कधी लागला नाही.

मी आईवर चिडले. चांगला सौदा हातचा घालवलास म्हणाले, कॉम्प्युटरमधलं तुला काय कळतं म्हणाले. आईनं पैशांचा डबा पुन्हा कपाटात कपड्यांखाली ठेवला आणि भात टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी प्रिंट घेऊन अंकलकडे गेले, बहुतेक आईची तक्रार करायलाच. त्यांनी चष्मा वर करून फोटो डोळ्यांजवळ नेला आणि भिंतीवरच्या प्लगवर बोट ठेवलं. दोन उभ्या चपट्या फटी. मी तो प्लग तीन दिवस बघत होते आणि कधी पाहिलाच नव्हता.

"बेटा, ऐसा प्लग अपने इधर किसके घर में देखा है?"

फोटो दुसऱ्याच देशातल्या कुठल्यातरी घरातला होता. मशीन त्याच्याकडे नव्हतंच. मी त्यांच्या दुकानाच्या फळीला धरून उभी राहिले. पर्समध्ये ती भरलेली स्लिप अजून तशीच होती. बारा बायकांना मी काय सांगणार होते, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं.

अंकलनी चहा मागवला. आईनं फोनवर काय विचारलं ते मी सांगितलं, तसे ते खूष झाले. तुझी आई माझ्या दुकानात बसायला हवी म्हणाले. घरी येऊन हे मी आईला सांगितलं आणि कालच्या बोलण्याची माफी मागितली. ती म्हणाली, "अगं, तो चोर आहे असं मला कुठं कळलं होतं? किती दिवसांत इको ऐकला नव्हता. मला खरंच ऐकायचा होता."

आठवड्याभरानं तोच फोटो मला नेटवर पुन्हा दिसला. शहर वेगळं, किंमत वेगळी, माणूस शिक्षक झाला होता. मी खुर्चीत मागे टेकून बसले आणि मला हसू आलं.

पुढचे दोन महिने मी जाहिराती बघत राहिले, पण अंकलनी शिकवल्याप्रमाणे. मशीनच्या मागच्या बाजूचा फोटो मागायचा, जिथे नंबर असतो. मशीनवर कागद ठेवून त्यावर माझ्या मंडळाचं नाव लिहून फोटो काढा म्हणायचं. जिथे स्वतः जाता येत नाही तिथलं घ्यायचं नाही. बहुतेक लोक कागद म्हटलं की गप्प व्हायचे.

कागदाचा फोटो पाठवणारा एकच निघाला, तोही वांगणीचा. जाहिरातीत दिसणारं मशीन देखणं नव्हतं, एका कोपऱ्याला पोचा आलेला. पण त्यानं पाठवलेल्या फोटोत मशीनवर वहीचं पान होतं आणि पानावर ठळक अक्षरात आमच्या मंडळाचं नाव. गंमत म्हणजे त्याच्याच अटी माझ्यापेक्षा जास्त होत्या. दिवसाउजेडी यायचं, दोघांनीच यायचं, ओळखपत्र आणायचं, चेक चालणार नाही.

मार्चमधल्या एका रविवारी आई आणि मी वांगणीला उतरलो. स्टेशनपासून वीस मिनिटांवर शेतांच्या कडेला नव्या चार मजली इमारती झाल्या होत्या, अर्ध्या रिकाम्या. त्यातल्या एकीत तळमजल्यावर तो राहायचा. साठीचा, बारीक अंगाचा, ऑर्केस्ट्रात साउंड सांभाळण्यात आयुष्य गेलेला माणूस. त्यानं जाळीचं दार उघडलंच नाही. आतूनच माझं ओळखपत्र मागितलं, फोटो आणि माझा चेहरा दोनदा ताडून पाहिला. ऊन डोक्यावर आलं होतं. मला राग येत होता आणि थोडी भीतीही वाटत होती.

आई म्हणाली, "दादा, आम्ही गाणाऱ्या बायका आहोत. बाहेर उभं करून गाऊन घेणार का?"

तेव्हा त्यानं दार उघडलं. पाणी दिलं. मग ओशाळून सांगितलं, की सहा महिन्यांपूर्वी दोन जण स्पीकर बघायला आले होते, चांगले कपडे, गोड बोलणं. चेक देऊन दोन्ही स्पीकर घेऊन गेले आणि चेक वटला नाही. बायको तेव्हापासून रोज ऐकवते, म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं. मीही त्या स्लिपची गोष्ट त्याला सांगितली. प्लगचं सांगितल्यावर तो मान हलवत बराच वेळ हसला.

अंकलनी बजावलं होतं की मशीन तासभर चालू ठेव, प्रत्येक बटण शेवटपर्यंत फिरव, मागे हात लावून किती तापतं ते बघ. मी तसं करत गेले. तिसऱ्या चॅनेलचं बटण फिरवलं आणि स्पीकरमधून खरखर आली, पापड मोडल्यासारखी. मी आईकडे पाहिलं, आईनं माझ्याकडे.

"तीन नंबरला खरखर आहे," मी म्हणाले.

"हो. जाहिरातीत लिहिलंय की," तो म्हणाला.

मी पर्समधून प्रिंट काढली. खरंच लिहिलेलं होतं, शेवटच्या ओळीत: तीन नंबरचा व्हॉल्यूम खराब आहे, बदलावा लागेल. फोटो तपासायच्या नादात मी मजकूर पूर्ण वाचलाच नव्हता. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. दोष असलेलं मशीन बघून कुणाला आनंद झाला असेल तर तो मला.

मग आईनं माइक हातात घेतला. आधी हॅलो म्हणाली. हॅलो त्या रिकाम्या खोलीत फिरून परत आलं. मग तिनं डोळे मिटून एक आलाप घेतला, आणि तो माणूस बसल्या जागेवरून उठला, इकोचं बटण केसभर मागे घेतलं आणि पुन्हा गा म्हणाला. दुसऱ्या वेळी आवाज असा लागला की आतल्या खोलीतून त्याची बायको दारात येऊन उभी राहिली.

तासभर झाला. मशीन कोमट होतं, तापलं नव्हतं. त्यानं कागदावर मशीनचा नंबर लिहिला, विकल्याचं लिहिलं, आम्ही दोघांनी सह्या केल्या. आईनं डब्यातले पैसे त्याच्या बायकोच्या हातात दिले. तिनं ते हातात धरून नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्या घरातलं काहीतरी सैल झाल्यासारखं मला दिसलं. भीती आमच्याच बाजूला आहे असं मी इतके दिवस समजत होते.

मशीन दोघींना उचलवेना. शेजारच्या पाड्यावरून काकडी आणि गवार घेऊन एक टेम्पो उल्हासनगरच्या बाजारात निघाला होता, त्यात त्यानं आम्हाला बसवून दिलं. मशीन जुन्या चादरीत गुंडाळून आमच्या दोघींच्या मध्ये. टेम्पोवाल्याबरोबर एक म्हातारी होती, माल तिच्याच शेतातला. तिनं विचारलं, "काय हाय त्यात, टीव्ही?" आईनं सांगितलं की गाण्याचं मशीन आहे. म्हातारीनं दोन काकड्या काढून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. बदलापूर मागे पडेपर्यंत आम्ही त्या मिठाशिवायच खात बसलो. ऑफिस, सायबर कॅफे, बँक, काही म्हणजे काही डोक्यात नव्हतं. टेम्पो खड्ड्यात आदळला की आई एका हातानं मशीन धरायची आणि दुसऱ्या हातानं मला.