बिनपिठाचे मांडे

आमच्या प्रांताची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या वर्षी माझ्या सासूबाईंचा उजवा हात अडकला. घाटावर पाय घसरून मनगट मोडलं. हाड बसवणाऱ्याने बांबूच्या कांब्या इतके दिवस आवळून ठेवल्या की हाड जुळलं, पण हात पालथाच राहिला. तळवा उताणा होईना. तीर्थ घ्यायची पंचाईत, म्हणून त्यांनी देवळात जाणंच सोडलं. खरं दुःख मात्र मांड्यांचं होतं. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर उलटापालटा करत कोपरापर्यंत ताणायचा आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर टाकायचा, हे काम अख्ख्या लोधीपुऱ्यात त्यांच्यासारखं कुणाला जमत नसे. आणि येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंद माहेरी यायची होती, लग्नानंतर पहिल्यांदाच. माझे मांडे हातातच फाटायचे. तोंड चालवण्यात तेवढी मी कुणाला हार जात नसे.

लालबागेत एक गृहस्थ बसत. फौजेच्या इस्पितळात त्यांनी जखमी जवानांचे हात चालते केले होते. फिजिओथेरपी हा शब्द आमच्या जिभेला वळेना, म्हणून आम्ही त्यांना कसरतवाले डाक्टर म्हणायचो. मी सासूबाईंना टांग्यात घालून तिकडे नेलं. डाक्टरांनी वितळलेल्या कोमट मेणात त्यांचा हात बुडवायला लावला, मग कोपर कमरेशी टेकवून म्हणाले, "अम्मा, अब हथेली आसमान को दिखाओ."

हात जरासा फिरला आणि थांबला.

"हा काय पोरखेळ लावला वं?" सासूबाई माझ्यावर करवादल्या. घरी आल्यावर त्या कसरतीचं नाव काढत नसत. मीही कमी नव्हते. "आत्याबाई, मग राहू द्या तसाच," असं फटकन बोलून गेले आणि नंतर दिवसभर जिवाला लागून राहिलं.

चौथ्या खेपेला डाक्टरांनी चोरी ओळखली, पण रागावले नाहीत. दोन पेन्सिली घेऊन त्यांनी समजावलं. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. तळवा उताणा असला की ती शेजारी शेजारी राहतात, पालथा केला की एक दुसऱ्यावरून आडवं जातं. मी माझाच हात चाचपला. कातडीखाली ते हाड खरंच सरकत होतं! या हातांनी मी इतकी वर्षं भाकरी थापली, धुणं पिळलं, शाळेत फळ्यावर अक्षरं गिरवली, आणि आत हे नवल चाललंय याचा मला पत्ता नव्हता. मला तिथेच गहिवरून आलं. हात जोडावेसे वाटले, पण कुणाला जोडायचे ते कळेना.

मग त्यांनी सासूबाईंना विचारलं, "अम्मा, घर में ऐसा कौन-सा काम करती थीं जिसमें हाथ पलटता था?"

सासूबाईंनी डाव्या हाताने हवेत मांडा फिरवून दाखवला. डाक्टर बघतच राहिले.

"बस, यही कसरत है. दोनों हाथों से, रोज सौ बार. आटे के बिना."

"म्हणजे मनातले मांडे!" सासूबाई खुदकन हसल्या. हात मोडल्यापासून पहिल्यांदाच.

त्या दिवसापासून त्या ओसरीवर बसून हवेत मांडे करू लागल्या. शेजारणी चिडवायच्या, "काकू, आम्हाला पण वाढा ना एखादा!" त्या म्हणायच्या, "थांब माय, खापर तापू दे." दुखून डोळ्यांत पाणी यायचं, तरी शंभर झाल्याशिवाय उठत नसत.

आखाजीच्या सकाळी त्यांनी खरा उंडा उचलला. नणंद आणि मी चुलीपाशी उभ्या. उजवा तळवा हळूहळू वर वळला, पुरता नाही, पण कामापुरता. मांडा वाढत गेला, इतका पातळ झाला की पलीकडची बोटं दिसायला लागली. ती दोन हाडं आत एकमेकांवरून ये-जा करत होती, आणि आता ते मला ठाऊक होतं. मांडा खापरावर पडला. एकही भोक नाही. मला हुंदका आवरेना.

"रडू नको वं पोरी," दुसरा उंडा हातात घेत सासूबाई म्हणाल्या, "पिठात मीठ मी आधीच घातलंय."