उद्या अकराला

त्या दिवशी संध्याकाळी सहाला मंगलनं काय खाल्लं ते आधी लिहून ठेवतो. ज्वारीची दीड भाकरी, भरलं वांगं, मुगाची उसळ एक वाटी, कच्चा कांदा, आणि शेवटी ताक. ताक दोनदा घेतलं. मी समोर बसलो होतो. माझ्या ताटातही तेच होतं. एवढं खुलाशानं सांगतोय, कारण त्यानंतर दीड-दोन तासांत ती गेली, आणि गल्लीत बोलणं सुरू झालं की बाई उपाशी राहून राहून मेली. मंगल माझी बायको. एकेचाळीस वर्षं संसार झाला. ती उपाशी मेली नाही. पोटभर जेवून, ढेकर देऊन घरातनं बाहेर पडली.

मी सातवी शिकलोय. लिहायची सवय गाडीवरच्या पाटीपुरती. पण तोंडानं सांगून सांगून दमलो. ऐकणारा मान हलवतो आणि कोपऱ्यावर जाऊन पुन्हा तेच बोलतो. म्हणून हे कागदावर.

शिवाजी पेठेत माझी वड्याची गाडी आहे. दुपारी चारला कढई तापते, रात्री नऊला उतरते. तरुणपणापासून हेच. कढई उतरली की उरलेले वडे, भजी कागदात बांधून घरी न्यायचे. मंगल भाकरी करून थांबलेली असायची. साडेनऊला आम्ही दोघं जेवायचो. मी एक वडा खायचो, ती उरलेले सगळे. आवडायचे म्हणून नव्हे. तळणाच्या वासानं तिला मळमळायचं. पण म्हणायची, "अन्न टाकाय न्हाय बगा. टाकलेलं अन्न रडतंय." मी म्हणायचो, "रडू दे की, आपल्याला कुठं ऐकू येतंय!" तरी ती खायची. वर्षानुवर्षं माझ्या गाडीचं उरलेलं तिच्या अंगावर चढत गेलं. मला दिसत नव्हतं असं नाही. उरलेलं खपतंय, एवढंच मी बघत होतो.

दवाखान्यातल्या काट्यावर ती चढायची नाही. लाज वाटायची. माझ्याबरोबर बटाटे आणायला वखारीत यायची, तिथं पोती तोलायच्या काट्यावर चढायची. तिथं कुणी डॉक्टर नव्हता, हमाल होते. पोतं पन्नास किलोचं. मंगल पोत्यांत मोजायची. एकदा काटा बघून एक हमाल म्हणाला, "काकी, आनी धा-बारा किलो घाला, दोन पोती पुरी हुत्यात."

ती म्हणाली, "घालतो की. तुझं मुंडकं ठेव वर."

सगळी वखार हसली. ती पण हसली. दारात आल्यावर मात्र तीन जिने चढायचे असावेत तशी घराची एक पायरी चढली.

गुडघ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, वजन उतरवा, नाहीतर गुडघे बदलावे लागतील. मंगल घाबरली, आणि घाबरल्यावर आमच्या बायका करतात तेच तिनं केलं. उपास वाढवले. आधी संकष्टी आणि एकादशी होतीच, आता सोमवार धरला, गुरुवार धरला. उपासाला साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याच्या तुपातल्या फोडी, आणि अशक्तपणा येऊ नये म्हणून राजगिऱ्याचे दोन लाडू. चार महिन्यांनी वखारीत गेलो, तर काटा वरच सरकलेला. ती काट्यावर उभी राहूनच म्हणाली, "देव पण फसवाय लागलाय."

शेजारच्या त्रिशलाक्कांनी हे ऐकलं. त्या मंगलच्याच वयाच्या. माहेर जयसिंगपूरकडचं, जैन शेतकऱ्याचं घर. पासष्टी जवळ आली तरी अंग काडीसारखं आणि आवाज घंटेसारखा. एका गुरुवारी मंगलच्या उपासाच्या ताटाकडं बघून म्हणाल्या, "अगं मंगल, तुझ्या उपासाच्या ताटात माझं दोन दिवसाचं जेवान बसतंय की!"

मग त्यांनी त्यांची रीत सांगितली. दिवस बुडायच्या आत जेवायचं, नंतर तोंड बंद. "आमच्यात धर्म म्हणून करत्यात. तू धर्म म्हणून करू नगंस, गुडघ्यापायी कर. मी सांगितलं म्हणून नगं, डॉक्टरला इचारून कर."

मंगलनं विचारलं. तिला रक्तदाबाची गोळी होती. डॉक्टर म्हणाले, करा, पण दोन वेळेला नीट जेवा, आणि गोळीची वेळ माझ्याशिवाय बदलू नका. तिनं घड्याळाखाली खडूनं दोन आकडे लिहिले. अकरा आणि सहा. सकाळी अकराला जेवायचं, संध्याकाळी सहाला जेवायचं, मधे वाटलं तर एखादं फळ. बाकी वेळ पाणी, सकाळी बिनसाखरेचा कोरा चहा. सोमवार, गुरुवार सोडले. सोडताना देवापुढं उभी राहून म्हणाली, "रागावू नगंस. साबुदाना मला सोसना."

पहिले आठ दिवस तिचं डोकं दुखलं. माझ्यावर खेकसली, मांजरावर खेकसली. नवव्या दिवशी शांत झाली. मी विचारलं, भूक लागत नाही का? म्हणाली, "लागती की. भूक म्हंजे पावनं हाय. आलं, बसलं, तांब्याभर पानी दिलं, की जातंय उठून. दर पावन्याला काय मटन घालायचं नसतंय."

मला हे मानवलं नाही. सरळच सांगतो. उभ्या जन्मात आम्ही रात्रीचं जेवण एकत्र केलेलं. आता मी साडेनऊला येतो तर ही जेवून मोकळी. मी ताटावर एकटा, ही समोर बसून लसूण सोलतेय. मी म्हणालो, "नवरा उपाशी आणि बायको ढेकर देती, असली रीत कुठली?"

"मग या की तुमी सहाला."

"गाडी कोण बगणार? तुझा बा?"

"बा मरून वीस वर्सं झाली. त्येला कशाला तरास देताय?"

मी मुद्दाम छळलं तिला. गरम वडा तिच्या नाकापुढं धरायचो. ती वडा घ्यायची, वाटीत ठेवायची, वर ताटली झाकायची आणि म्हणायची, "उद्या अकराला." मला वाटायचं, सकाळी मांजराला घालत असेल. एकदा सकाळी बटाटे आणायला न जाता मुद्दाम घरी थांबलो. अकराचे टोल पडले, तिनं भाकरीबरोबर तो गार वडा चवीनं खाल्ला. डोळे मिटून. म्हणाली, "इतकी वर्सं तुमचा वडा खाल्ला, चव आज कळली." माझ्या वड्याची एवढी तारीफ कुठल्या गिऱ्हाईकानं केलेली नाही. पण मी म्हणालो, "गार वड्याला कसली चव!" आणि उठून गेलो.

अन्न टाकायचं नाही हा तिचा हट्ट होता तोच राहिला. फक्त आता ती उरलेलं पोटात ठेवायच्या ऐवजी झाकून ठेवायला शिकली. फरक एवढाच होता.

हट्टी होती, पण सोवळी नव्हती. माझ्या भाच्याचं लग्न झालं, जेवणाच्या पंगती रात्री नऊला बसल्या. मंगल बसली, दोन जिलब्या घेतल्या. मला संधीच मिळाली. मी म्हणालो, "मोडलं का तुझं व्रत?" ती बोटं चाटत म्हणाली, "ह्ये व्रत न्हाईच, मोडतंय कुठलं? उद्या अकराला परत चालू."

डॉक्टरनं चालायलाही सांगितलं होतं. महिनाभर ती बागेत चालायला गेली, आणि बंद केलं. म्हणाली, "मागं कुत्रं न्हाय, म्होरं बस न्हाय, कशाला पळायचं?" खरं म्हणजे तिला ते कंटाळवाणं व्हायचं. त्याच सुमाराला गल्लीतल्या बायकांनी गौरीच्या आधी झिम्मा-फुगडीचा सराव सुरू केला होता. संध्याकाळी सातला शाळेच्या हॉलमध्ये. लग्नाच्या आधी मंगल तिच्या गावात फुगडीसाठी प्रसिद्ध होती. समोरची चक्कर येऊन सुटायची, ही सुटायची नाही. मला हे लग्नात कुणीतरी सांगितलं होतं, मी विसरलो होतो.

पहिल्या वर्षी ती खुर्चीवर बसून नुसती गाणी म्हणायची आणि टाळ्या वाजवायची. त्रिशलाक्का शेजारी बसून साथ द्यायच्या. दुसऱ्या वर्षी झिम्म्यात उभी राहिली. गौरी गेल्यावर बायका घरी बसतात, तशी ही बसली नाही. म्हणाली, "गौर गेली, आमचं पाय कुठं गेलं?" आठवड्यातनं तीन संध्याकाळी सराव चालूच ठेवायला लावला. तिसऱ्या वर्षी फुगडी घातली. मी गाडीवरनं दहा मिनिटं सुटून बघायला गेलो होतो, खिडकीतनं. पदर खोचलेला, वेणी आडवी उडालेली, आणि तोंडानं पक्वा, फुगडीच्या तालावरचं फू-फू. खाली मान घालून परत आलो. गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

वखारीच्या काट्यावर ती दीड पोत्याच्या खाली आली. दोन-सव्वादोन वर्षं लागली, मधे दोन-तीन महिने काटा हललाच नव्हता. तोच हमाल होता. म्हणाला, "काकी, माल कुठं गेला?"

"गुडघ्यावरनं उतरीवला," ती म्हणाली. गुडघ्यांच्या डॉक्टरनंही आता ऑपरेशनचं नाव काढायचं सोडलं होतं.

एवढ्या काळात सहाच्या जेवणाला मी एकदाही आलो नाही. ती दर महिन्या-दोन महिन्यांनी म्हणायची, "एक दिस या की." मी म्हणायचो, बघू. त्या दिवशी आलो, ते पण तिच्यासाठी नव्हे. साडेपाचला गाडीवरचा गॅस संपला. भरलेली टाकी दुसऱ्या दिवशी मिळणार होती. शिव्या घालत घरी आलो. ती ताट वाढून बसली होती. उठली, दुसरं ताट घेतलं.

पावसानं उघडीप दिली होती. खिडकीतनं ऊन थेट माझ्या ताटात पडलं होतं. मंगल म्हणाली, "आज सूर्य बगालाय तुमास्नी जेवताना. वळखंल का न्हाय कुणास ठावं."

मी म्हणालो, "गप जेव."

एवढंच बोलणं. दुसऱ्या भाकरीतली अर्धी राहिली. ती तिनं फडक्यात गुंडाळली, टोपलीत ठेवली, म्हणाली, "उद्या अकराला." मग केस विंचरले, पदर नीट केला आणि हॉलकडं गेली. मी आडवा झालो.

सात वाजून गेल्यावर त्रिशलाक्का आल्या. अनवाणीच पळत आल्या होत्या. फुगडी सोडून मंगल पाणी प्यायला बसली होती. "डोसकं लई दुखालंय गं," म्हणाली आणि त्यांच्या खांद्यावर कलंडली. आम्ही दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, डोक्यातली शीर फुटली, काही जणांची ती जन्मापासूनच पातळ असते. मी विचारलं, "उपासानं?" म्हणाले, नाही. मी विचारलं, "फुगडीनं?" म्हणाले, "झोपेतही फुटली असती." मी तिसऱ्यांदा काय विचारलं ते आठवत नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तो मी काढला.

त्या रात्रीचं लिहिण्यासारखं काही नाही. स्मशानात शेणी रचताना मागं कुणीतरी बोललं, "नवरा वडं तळतोय आणि बायको उपासमारीनं गेली." मी मागं वळलो नाही. वळायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं. माझी धाकटी बहीण शेवंता पहाटेच आली होती. तिनं माठातलं पाणी ओतलं, भांडी घासायला काढली, उरलेली भाजी बाहेर नेली. शेजाऱ्यांनी पिठलं-भात आणला. शेवंता माझ्यापुढं ताट ठेवून म्हणाली, "दादा, दोन घास खा. वैनीगत उपाशी ऱ्हाऊ नगंस."

मी ताट सरकवलं. ती टोपलीकडं गेली, फडकं उचललं, अर्धी भाकरी घेऊन दाराकडं निघाली. बाहेर कुत्रं बसलं होतं.

"ठेव ती," मी म्हणालो.

"दादा, मयताच्या घरातलं शिजल्यालं खात न्हाईत."

"ठेव म्हन्लं न्हवं."

माझा आवाज मोठा झाला असावा, कारण सगळी माझ्याकडं बघायला लागली. शेवंतानं भाकरी माझ्याजवळ आणून ठेवली आणि पदर तोंडाला लावला. नऊ वाजले होते. कुणी चहा आणला, नको म्हणालो. भिंतीवर खडूचे दोन आकडे होते. त्रिशलाक्का आल्या, माझ्याकडं बघितलं, भाकरीकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं आणि समोर बसल्या. पोटात भूक येऊन बसली होती. मी पाणी प्यालो.

अकराचे टोल पडले. मी फडकं सोडलं. भाकरी वाळून कडक झाली होती आणि माझे दात आता थोडेच राहिलेत. वेळ लागला. पण सगळ्यांच्या देखत संपवली, चुरासुद्धा टाकला नाही.