ढोलाशिवाय गाई

तोंडावर आडवा हात धरून खुर्चीत बसणारा दुसरा पेशंट मी पाहिला नाही. "डाक्टर साहेब, पाहा, पण ओढू नोका. गाई अजून घरी याच्या हायेत."

आर्वीतल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात आमचे बँडमास्तर असे यायचे. तुम्हीही त्यांना एखाद्या वरातीत पाहिलं असेल, क्लॅरिनेट वाजवताना डोळे मिटून चालणारे. त्यांचा वरचा पुढचा दात हलत होता. क्लॅरिनेट त्याच दातावर टेकतं, म्हणून दात गेला की सूर गेला, असा त्यांचा हिशेब.

गाईंची भानगड अशी. मास्तरांचे वडील गुराखी. सांजेला गुरं घरी येतानाचे आवाज मास्तरांनी पाच फुंकवाद्यांत बसवले होते. बासरी, दोन कॉर्नेट, पोटाएवढं युफोनियम आणि गाईंना हाक मारणारं क्लॅरिनेट. ढोल नाही, ताशा नाही. वरातीत हे कोण ऐकणार? "मास्तर, नाचाचं वाजवा नं!" असं पोरं ओरडायची आणि मास्तर निमूटपणे नाचाचं वाजवायचे.

"माणसं नाई आयकत, तं गाईले आयकवू," म्हणत त्यांनी गायगोधन धरलं. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे रंगवलेल्या गाई वाजतगाजत गावात आणतात. पहिल्या वर्षी सगळं छान चाललं होतं. पण सोबत आलेल्या बँडातल्या ढोलवाल्याचे हात कुठले गप्प बसायला! जन्माची सवय. त्यानं मधेच एक दणका दिला आणि गाई शेपट्या वर करून थेट सोयाबीनच्या ढिगात. गाव पोट धरून हसलं. मास्तर हसले नाहीत. त्यांचं वाजवणं अर्ध्यावरच राहिलं होतं.

मग वर्षभर त्यांनी तो दात जिवापाड जपला. भाकर दुधात कुस्करून खाल्ली. हिरडी सुजली, मी रागावलो, तरी एकच पालुपद, "एक गायगोधन होऊ द्या." महाहट्टी माणूस!

पुढच्या पाडव्याला मी मुद्दाम गेलो. मास्तरांनी ढोलवाल्याच्या दोन्ही हातांत दोन बैलांचे कासरे दिले. "यायले धरून ठेव. सोडशीन तं पाह्य!"

क्लॅरिनेटनं लांब हाक दिली. बासरीनं ओ दिली, कॉर्नेट जवळ येत गेले, मागून युफोनियम हंबरलं. गाई कान टवकारून एकामागून एक वेशीतून आत आल्या. या वेळी वाजवणं शेवटच्या सुरापर्यंत पोचलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्यात लाज कसली? असं वाजवणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर दवाखान्यात आले. तोंडावर हात नव्हता.

"ओढा आता. आल्या गाई घरी."

त्यानंतर क्लॅरिनेट पेटीत गेलं आणि यंदाच्या उन्हाळ्यात मास्तरही गेले. पाडव्याला वेशीपाशी चौघंच वाजवायला उभे राहिले. सुरुवातीलाच क्लॅरिनेटच्या हाकेची जागा होती, तिथं चौघांनी वाद्यं खालीच धरली आणि तेवढा वेळ थांबले.

ढोलवाला बाजूला उभा होता. दोन्ही हातांत दोन बैलांचे कासरे घट्ट धरून. यंदा त्याला कोणी सांगितलं नव्हतं.