कुणाच्या हातच्या

आमच्या गावच्या जंगलात पळसाला नवी पानं फुटली की आई घरात सापडत नाही. मी नौबादला शाळेत शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी येते आणि दर वर्षी दाराला कुलूप बघून ओसरीवर बसून राहते. आई येते ती डोक्यावर पानांचं गाठोडं घेऊन, आणि म्हणते, "आलीस व्हय? चहा ठिव की मग." लेकीचं स्वागत आमच्याकडे असं होतं.

ती पानं वाळवायची, दाबायची आणि बारीक काड्यांनी टाचून पत्रावळ्या लावायच्या, हा आमच्या गल्लीतल्या बायकांचा उन्हाळ्याचा धंदा. पूर्वी पानं चोरून आणावी लागत. जंगलखात्याचा गार्ड दिसला की गाठोडं टाकून पळायचं. मग ग्रामसभेच्या नावानं गावाला हक्क मिळाला. जंगलातला पाला, डिंक, फळं गोळा करायची आणि आपली आपण विकायची. बाकीच्या बायका गार्डाचा जाच सुटला म्हणून खूश होत्या. आईच्या डोक्यात मात्र शेवटचा शब्द जाऊन बसला होता. विकायची.

तोवर पत्रावळ्या विकायचा तो गावातला, वरच्या जातीचा एक अण्णा. गाणगापूरला एका लॉजवर महाराष्ट्रातून आलेल्या भाविकांच्या पंगती बसतात, तिथं तो माल द्यायचा. माणूस सरळ, पैशाला चोख. पण तिथं सांगायचा, "आमच्या घरच्या बायकांच्या हातच्या आहेत." आम्ही बौद्ध. कुणाच्या हातचं चालतं आणि कुणाच्या हातचं चालत नाही, हे आमच्या भागात कुणी शिकवावं लागत नाही. आपण यांचं भलंच करतोय, असं अण्णाला वाटे. गंमत म्हणजे अण्णाचं लग्नच झालेलं नाही. आई म्हणायची, "त्याच्या घरात मांजरसुदिक बोका हाय, आन् म्हनं घरच्या बायका!"

म्हणायची हसून, पण ते तिला लागलेलं होतं. यंदा तिनं जाहीर केलं की गाणगापूरला ती स्वतः जाणार आणि पत्रावळ्या कुणाच्या हातच्या ते आपल्या तोंडानं सांगणार.

सगळ्या गल्लीचा माल होता. "कुनी इचारलं तर सांग, न्हाईतर गप ऱ्हा," मी म्हटलं. शाळेत मी मराठी नीट बोलते, आईशी भांडताना माझी भाषा आपोआप घरी येते. "उगं कामून सांगायचं?"

"गल्लीतल्या बायकाला इचारलंय मी. समद्या व्हय म्हनल्या. तुलाच तेवडं भ्याव वाटायलंय."

गुलबर्ग्याला बस बदलली. दोन्ही बसमध्ये कंडक्टरशी गठ्ठ्यांवरून वाद झाला, एकदा कानडीत, एकदा उर्दूत. दोन्ही वेळा आईच जिंकली. मी खिडकीबाहेर बघत होते.

लॉजची मालकीण माझ्याच वयाची, बोलायला गोड. "अण्णा नाही आले?" तिनं विचारलं. आईनं गठ्ठा खाली ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं, "अण्णाच्या घरात बायका न्हाईत. पत्रावळ्या आमच्या हातच्या हायत. आमी बौद्ध हाव."

मालकीण हळू आवाजात म्हणाली, "माझं काही नाही हो. घेते मी. पण आत सासूबाई आहेत, त्यांच्यासमोर एवढं नका बोलू."

झालं, मी मनात म्हटलं, मिळालं ते पदरात घ्यावं आणि निघावं. मी आईचा दंड धरला. तिनं तो सोडवून घेतला, वरच्या गठ्ठ्यातली एक पत्रावळ काढली आणि सरळ आतल्या दाराशी गेली. आत म्हातारी तांदूळ निवडत होती.

"आज्जी, ह्या पत्रावळ्या आमच्या हातच्या हायत. बौद्धांच्या. चालत्याल का?"

"आँ?" म्हातारीनं कानाला हात लावला.

आईनं तेच पुन्हा, सगळ्या लॉजला ऐकू जाईल असं सांगितलं. बाकड्यावर बसलेले भाविक वळून बघायला लागले.

म्हातारीनं पत्रावळ हातात घेतली. आईकडे बघितलं. मग पत्रावळीवरून तळवा फिरवला, एकदा सुलट, एकदा उलट, आणि म्हणाली, "जरा बारक्या झाल्यात. पुढच्या खेपेला मोठ्या लाव. आमटी वघळतीय." आणि परत तांदूळ निवडायला लागली.

"मोठ्या लावते," आई म्हणाली.

बाहेर गल्लीत आलो. चार पावलं चालली असेल नसेल, आई एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. तिला असं रडताना मी पाहिलेलं नव्हतं. मी घाबरून शेजारी बसले.

"घेतल्या की त्येंनी. मग कामून रडायलीस?"

"न्हाई म्हनले तर काय बोलायचं, ते समदं ठरवून आल्ते मी," ती म्हणाली. "व्हय म्हनले तर काय करायचं, ते ठरवलंच न्हवतं."