'आय' माणसाचा मान

कोरियातल्या गुन्सान गावच्या बाजारात मिऱ्येचं केस कापायचं दुकान. केसांना हात लावण्याआधी ती गिऱ्हाइकाची अक्षरं विचारायची. पूर्वी लोक रक्तगट विचारत, आता स्वभाव-चाचणीतून मिळणारी चार इंग्रजी अक्षरं. त्यातलं पहिलं तिला पुरे. 'ई' म्हणजे माणसांत रमणारा, 'आय' म्हणजे एकटेपणाचा भुकेला. अख्खं जग या दोन चाळण्यांतून गाळायची तिला भारी हौस.

गावचाच पोरगा, गायक रा थे-ओ, देशभर गाजला. टीव्हीवर त्याची मुलाखत लागली की मिऱ्ये कात्री खाली ठेवायची.

"बघा, नजर खाली. बोटं चोळतोय. पक्का 'आय'."

"अगं, स्टेजवर तर माकडासारखा उड्या मारतो," जुनं गिऱ्हाईक दोक्जाताई म्हणायची.

"ते पोटासाठी हो, ताई."

आणि एका दुपारी तो खरंच दारात उभा राहिला. मिऱ्येने दोक्जाताईला डोक्यावरच्या रोलरसकट शेजारच्या दुकानात पिटाळलं, टीव्ही बंद केला, पडदा ओढला. चकार शब्द न काढता केस कापले. कापून झाले तरी तो उठेना. कॉफी मागितली. ती संपली, तरी कप धरून बसून राहिला.

"मावशी, आज कुणीच नाही वाटतं?"

"तुमच्यासाठीच घालवलं सगळ्यांना. दमला असाल. घरी जा, निवांत एकटे पडा."

तो हसला, मान लववली आणि गेला. त्याच आठवड्यात त्याने जीव दिला.

टीव्हीवर त्याची बहीण सांगत होती, "त्याला एकट्याला घास गिळवायचा नाही. 'ई' होता तो. घर खायला उठलं की माणसांत जाऊन बसायचा."

"अक्षरांनी कुणी मरत नाही, बाई," दोक्जाताई समजूत घालते. मिऱ्येला ते पटतंही. पण भरदुपारी आरशात मागची खुर्ची दिसते. तो तिथे बसलेला असतो, कुणीतरी बोलेल म्हणून. मग ती बोलत सुटते. कोबीचा भाव, सासूचे गुडघे, काय वाट्टेल ते. गिऱ्हाइकं वैतागतात. अक्षरं मात्र ती आता कुणालाच विचारत नाही.

परवा एका कॉलेजच्या मुलीने स्वतःहूनच सांगितलं, "मावशी, मी 'आय' आहे. जरा न बोलता कापाल?"

मिऱ्येने त्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवला.

"राहते गप्प, बाळा. तू फक्त मधूनमधून 'हूं' म्हण. म्हणशील ना?"