समुद्राला शिवायचं नाही

आमच्या देवासात राजे दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, पण रस्त्याच्या अलीकडे एक राज्य नि पलीकडे दुसरं. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, थोरल्या पातीच्या दफ्तरात होते. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे काका, धाकट्या पातीत मास्तर. घर मात्र एक, चूल एक. त्यामुळे मुंबई बघायला जायचं ठरलं तेव्हा रजा दोन दरबारांतून काढावी लागणार होती, आणि तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं.

मुंबईचं खूळ काकांचं. परीक्षेच्या निमित्तानं ते एकदा तिथं राहून आले होते, तेव्हापासून घरात मुंबईतले जाणते तेच. पानावर बसले की सुरू! पालव्याच्या बंदरावर आगबोटी दाखवीन, ट्राममध्ये बसवीन, राणीच्या बागेत वाघ दाखवीन.

"वाघ कशाला? सोनकच्छच्या वाटेवर फुकट दिसेल," दादा म्हणायचे. पण तेसुद्धा खंडव्याच्या पलीकडे कधी गेले नव्हते, आणि मुंबई म्हटलं की त्यांचा घास हातात राहायचा.

आईला वाघ नको होता नि ट्रामही नको होती. तिला समुद्र हवा होता. तोही नुसता बघायला नव्हे, पाय बुडवायला. तिचा हिशेब सरळ होता. "काशी-रामेश्वर काही आपल्याच्यानं व्हायचं नाही. पण सगळ्या नद्या शेवटी तिथंच जातात ना? मग तिथं एकदा पाय बुडवला की सगळी तीर्थं एकदमच उरकली!" तिचं माहेर धारचं. नर्मदेच्या स्नानापलीकडे तिला कुणी कुठं नेलंच नव्हतं. बोलता बोलता तिचे डोळे असे चमकायचे, की मी पीठ मळायची थांबून तिच्याकडे बघत बसायची.

आणि अशी ही बाई सोवळ्याओवळ्याची भारी कडक! पिंपळाला शनिवारी शिवावं आणि समुद्राला पर्वणीला, पौर्णिमा-अमावास्येला. एरवी लांबूनच हात जोडावेत, असं तिच्या वडिलांनी सांगून ठेवलेलं. तेव्हा मुंबईचा मुक्काम पर्वणीचाच हवा.

झालं! काकांना अमावास्येची रजा मिळाली तर दादांच्या दफ्तरात नेमकं तेव्हाच काम. दादांना पौर्णिमा मोकळी तर काकांच्या शाळेची तपासणी. काकांवाचून वाट कोण दाखवणार, आणि दादांवाचून आई दिराबरोबर एकटी कशी जाणार? दोघे भाऊ पंचांग मांडीवर घेऊन बसायचे आणि एकमेकांच्या दरबाराला नावं ठेवायचे. शेवटी दोघांची रजा जुळली ती वद्य अष्टमीपासून त्रयोदशीपर्यंत. अमावास्या उंबरठ्यावर, आणि आम्ही परत घरात!

"मग मी नाही येत," आई म्हणाली. "तहानलेल्यानं विहिरीवर जायचं नि पोहरा न टाकता परत यायचं? पाणी नुसतं बघायचं तर मांडूचे तलाव काय वाईट आहेत?"

"अगं, मुंबईत कोण बघतंय तुला? लाव खुशाल हात," दादा म्हणाले.

"समुद्र बघतोय ना!"

मला मात्र असा संताप आला! माझं नवं लुगडं घडी घालून तयार, मैत्रिणींना सांगून झालेलं, आणि ही बसली रुसून. मी चांगली आदळआपट केली. पण आई सांजवात लावायला उठली तेव्हा तिनं हळूच डोळे पुसलेले मी पाहिले, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. तिला यायचंच होतं हो! आमच्यापेक्षा तिलाच जास्त यायचं होतं. मग मीच तिच्या गळ्यात पडले. "नुसतं दर्शन घे गं. देवळातल्या देवाला तरी आपण कुठं शिवतो?"

हे तिला पटलं. दुसऱ्या दिवशी घरभर दुधातल्या दशम्यांचा वास सुटला.

बैलांच्या दमणीतून इंदूर गाठलं. गाडीवान माळव्याचा, त्यानं कधी समुद्र पाहिलेला नाही. "माँ साब, समंदर ने म्हारी राम-राम कीजो," आम्ही उतरताना त्यानं आपला रामराम समुद्राला पोचवायला बजावलं. मग रेल्वे, खंडव्याला गाडी बदलणं, आणि गिरगावात आईच्या मावसभावाकडे मुक्काम.

सकाळी आंघोळी करून आम्ही चौपाटीवर गेलो. अगं बाई! एवढं पाणी? पलीकडला काठच नाही! पाणी पार लांब होतं. काकांनी वाळूवरची ओली रेघ शोधली, तिच्या बरीच अलीकडे कोरडी जागा पाहिली आणि ऐटीत सांगितलं, "वहिनी, इथं उभ्या राहा. इथं पाणी येत नाही."

आई उभी राहिली. हात जोडले, डोळे मिटले, आणि येत होती तेवढी सगळी स्तोत्रं म्हणायला लागली. आम्ही मागे शंख गोळा करत होतो. माळव्यातली तळी जागा सोडत नाहीत, नद्या एका दिशेनं जातात. समुद्र दिवसातून दोनदा चालून येतो हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक? आणि आमच्या जाणत्या काकांनी परीक्षेच्या दिवसांत पुस्तकातून डोकं कधी वर काढलंच नव्हतं.

"वहिनी, मागे सरा!" काका ओरडले तेव्हा उशीर झाला होता. लाट आली ती आईच्या घोट्यांवरून पुढे गेली, लुगड्याचा काठ भिजवून परत फिरली.

आईनं डोळे उघडले. पायांकडे पाहिलं. आता रडते की उपास धरते, कुणास ठाऊक! आणि पुरुषांसमोर मोठ्यानं कधी न हसलेली माझी आई खदखदून हसायला लागली.

"मी नाही हो शिवले! तोच शिवला मला!"

दादा तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी वाकून जोडे काढले, धोतर वर खोचलं, आणि चारचौघांत कधी बायकोपासून चार हातांच्या आत न आलेला तो माणूस तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"हलू नका," आई त्यांना म्हणाली. "परत येतोय तो."